भिंतींतील पोकळी

थंडीच्या रात्रीं आपण गोधडी पांघरतों, तेव्हां ऊब कोठून येते? गोधडी कांहीं स्वतः तापत नाहीं. ऊब असते आपल्याच अंगाची. गोधडीच्या पदरांत अडकलेली हवा तिला बाहेर जाऊं देत नाहीं, इतकेंच. बव्हेरियाच्या सेवेंत असलेल्या काउंट रम्फर्डनें लोकर, कापूस, रेशीम व पिसें यांवरील आपले प्रयोग १७९२ सालीं प्रसिद्ध केले व हेंच दाखविलें कीं, ऊब राखण्याची वस्त्रांची शक्ति मुख्यतः त्यांच्या तंतूंत खिळून राहिलेल्या हवेंत आहे. ही खिळलेली हवा ध्यानांत असूं द्यावी. कारण इंग्लंडांतील घरांच्या भिंतींची जी कथा मी आज सांगणार आहें, ती तिच्यावरच उभी आहे.

इंग्लंडांत, आणि विशेषतः ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यावर, पाऊस वाऱ्याबरोबर भिंतींवर तिरपा आदळत राहतो. विटांची एकसंध भिंत तें पाणी हळूहळू पिते आणि खोलीला ओल येते. यावर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून दुहेरी भिंतीची कल्पना पुढें येऊं लागली: दोन भिंती, मध्यें पोकळी, व दोहोंना जखडणाऱ्या धातूच्या पट्ट्या. बाहेरची भिंत भिजली तरी पाणी तिच्या आंतल्या अंगानें खालीं ओघळावें, पलीकडे पोंचूं नये, हा पोकळीचा हेतु. पहिल्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत अशीं घरें सर्रास बांधलीं गेलीं. पोकळीची रुंदी सामान्यतः दोन इंच असे.

पाणी अडविणारी ही पोकळी ऊब अडविण्यास मात्र तितकीशी समर्थ नव्हती. तिच्यांतील हवा खिळलेली नसते. आंतल्या भिंतीशीं ती तापून वर चढते, बाहेरच्या भिंतीशीं निवून खालीं उतरते, आणि या फेऱ्यांत खोलीची उष्णता बाहेर नेऊन टाकते. आंतबाहेर एका अंशाचा फरक असला, तर भिंतीच्या दर चौरस मीटरांतून सुमारें दीड वॅट उष्णता निघून जाते.

इंधन स्वस्त होतें तोंवर याची फारशी खंत कोणी केली नाहीं. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केली आणि कांहीं महिन्यांतच तेलाची किंमत सुमारें चौपट झाली. मग त्या दोन इंचांकडे सर्वांचें लक्ष वळलें. बाहेरच्या भिंतीच्या सांध्यांत भोकें पाडून फेस, खनिज लोकर किंवा पॉलिस्टायरिनचे मणी आंत भरण्याचा धंदा भरभराटीस आला. हवा खिळली, दीड वॅटचा जवळजवळ अर्धा वॅट झाला. थंडीला आणि इंधनाच्या बिलाला सारखेंच भिणाऱ्या वृद्धांना हा लाभ लहान नव्हता.

तथापि अडचणीही आल्या. युरिया-फॉर्मॅल्डिहाइडच्या फेसांतून निघणाऱ्या वायूमुळें आरोग्यास अपाय होईल, या भीतीनें कॅनडानें १९८० सालीं त्याच्या वापरावर बंदी घातली. ब्रिटनमध्यें दुसरीच गोष्ट घडली. जेथें झडीचा मारा मोठा, विटांचे सांधे झिजलेले किंवा भरण ओबडधोबड, तेथें पाण्याला पलीकडे जाण्यास जणूं पूलच मिळाला. उबेसाठीं खर्च केलेल्या कुटुंबांच्या भिंतींवर बुरशी धरली, आणि कित्येकांना तें भरण पुन्हां उपसून काढावें लागलें. पुष्कळ घरांना भरणाचा लाभच झाला, हें खरें. पण कोणतें घर त्यास योग्य, हें न पाहतां जेथें काम झालें, तेथें नुकसान रहिवाशांनीं सोसलें.

नव्या घरांत पुष्कळदां आंतल्या भिंतीला उष्णतारोधक तक्ते लावतात व तक्त्यांच्या बाहेर थोडी पोकळी राखतात. ऊब तक्त्यांनीं अडवावी, पाणी पोकळीनें, अशी ही वांटणी आहे. जुन्या घराची दुरुस्ती करणाऱ्यानेंही हत्यार उचलण्यापूर्वीं एवढें विचारावें, कीं ही जागा बांधणाऱ्यानें रिकामी कां ठेवली होती?