बालेकिल्ला कुणाचा? : बाल्टिक किनाऱ्यावरच्या एका मतदारसंघाचा हिशेब

निवडणुका आल्या की आपल्या वर्तमानपत्रांत ‘बालेकिल्ला’ हा शब्द फार स्वस्त होतो. अमुक मतदारसंघ अमुक घराण्याचा, तमुक मतदारसंघ तमुक पक्षाचा. तीन-चार निवडणुका एकच नाव निवडून आले की तट-बुरूज बांधून झाले असे आपण धरून चालतो. पण किल्ला नेमका कुणाचा असतो? उमेदवाराचा, पक्षाचा, की त्या मातीचा? आपल्याकडच्या निकालांवरून हे सांगणे अवघड आहे. मतदार एकच बटण दाबतो आणि त्या एका मतात माणूस, चिन्ह, जात, गाव, राग, लोभ सगळे कालवलेले असते.

गेली पंचवीसेक वर्षे निवडणूक निकालांची कोष्टके वाचण्याचा मला नाद आहे. पदवी त्या विषयातली नाही आणि जर्मन भाषाही शब्दकोश शेजारी ठेवूनच शिकलो. पण ‘बालेकिल्ला’ या शब्दाचे वजन करायला मला जर्मनीच्या निकालांइतका चांगला तराजू दुसरीकडे मिळाला नाही. तिथे १९५३ पासून मतदाराला दोन मते असतात. पहिले मत आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरे पक्षाच्या राज्यवार यादीला. बुंडेस्टाग या संसदेत कोणत्या पक्षाचे किती सभासद बसणार हे मुख्यतः दुसरे मत ठरवते. त्यामुळे माणसाला मिळालेले मत आणि पक्षाला मिळालेले मत वेगवेगळे मोजता येते. या लेखासाठी मी असा मतदारसंघ निवडला आहे, ज्याला तीस वर्षे सगळे जग एकाच नावाने ओळखत होते: अंगेला मर्केल यांचा मतदारसंघ.

हा मतदारसंघ जर्मनीच्या ईशान्य कोपऱ्यात, बाल्टिक समुद्राच्या काठी आहे. र्‍यूगन हे जर्मनीतले सर्वांत मोठे बेट, त्याच्यासमोर किनाऱ्यावर श्ट्रालझुंड हे जुने व्यापारी शहर, आणि आज त्यात ग्राइफ्सवाल्ड हे १४५६ पासूनचे विद्यापीठाचे गावही येते. श्ट्रालझुंडने खरेखुरे वेढे पाहिले आहेत. १६२८ मध्ये वालेनश्टाइन या सम्राटाच्या सेनापतीला ते घेता आले नाही, कारण समुद्राकडून डेन्मार्क आणि स्वीडनची कुमक येत राहिली. पन्नास वर्षांनी, १६७८ मध्ये, म्हणजे इकडे शिवाजी महाराज हयात असताना, ब्रांडेनबुर्गच्या तोफांपुढे तेच शहर शरण गेले. १६४८ ते १८१५ हा मुलूख स्वीडनच्या अमलाखाली होता, मग प्रशियाकडे आला.

१८७१ मध्ये जर्मन साम्राज्याची संसद निवडली गेली तेव्हा देशाचे पुढे ३९७ मतदारसंघ झाले. र्‍यूगन, श्ट्रालझुंड आणि शेजारचा फ्रान्झबुर्ग तालुका मिळून त्यांतला एक. पंचवीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला गुप्त मतदानाचा हक्क होता, आणि त्या काळात ही मोठीच गोष्ट. पण एक मेख होती. १९१२ च्या शेवटच्या निवडणुकीपर्यंत मतदारसंघांच्या सीमा जवळजवळ हलल्याच नाहीत. दरम्यान खेड्यांतली माणसे बर्लिनला आणि ऱ्हूरच्या कारखान्यांकडे गेली. शहरी मतदारसंघ फुगत गेले, खेड्यांतले रोडावले, तरी जागा दोन्हीकडे एकेकच. १९१२ मध्ये समाजवादी पक्षाला, म्हणजे एसपीडीला, ३४.८ टक्के मते पडली आणि जागा मिळाल्या ११०, म्हणजे २८ टक्क्यांच्या आत. सरंजामदारांच्या बाजूचे कितीतरी ‘बालेकिल्ले’ या न हललेल्या रेषांवर उभे होते.

हे वाचताना मराठी वाचकाला आपली आठवण होईल, आणि ती योग्यच आहे. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी आजही १९७१ च्या जनगणनेवर आहे. महाराष्ट्राच्या ४८ जागा त्याच हिशेबाच्या. राज्याच्या आतल्या सीमा मात्र २००१ च्या जनगणनेनुसार बदलल्या आणि २००९ ची निवडणूक त्या नव्या सीमांवर झाली. आजच्या जर्मन कायद्यात मतदारसंघाची लोकसंख्या सरासरीपासून २५ टक्क्यांहून जास्त ढळली की सीमा बदलाव्याच लागतात. रेषा कुठे ओढली हा प्रश्न कोण जिंकले या प्रश्नाच्या आधीचा असतो.

पहिल्या महायुद्धानंतर वायमार प्रजासत्ताकाने एकेका जागेचे मतदारसंघ मोडून टाकले. सगळा पोमेरानिया प्रांत एक विभाग झाला आणि पक्षाला दर साठ हजार मतांमागे एक जागा मिळू लागली. या विभागात जुन्या राष्ट्रवादी-रूढिवादी पक्षाचे, डीएनव्हीपीचे, वजन एवढे की डिसेंबर १९२४ मध्ये त्याला जवळजवळ निम्मी मते मिळाली. देशभरात असा गड त्यांच्याकडे दुसरा क्वचितच होता. आणि मार्च १९३३ मध्ये त्याच पोमेरानियात हिटलरच्या पक्षाला निम्म्याहून जास्त मते पडली, तेव्हा देशाची सरासरी ४३.९ टक्के होती. नऊ वर्षांत गडावरचे निशाण बदलले. जमीनदार तेच होते, शेतमजूर तेच होते, चर्च तेच होते. या उदाहरणावरून आजच्या कुठल्या पक्षावर शिक्का मारण्याचा माझा हेतू नाही. माझा मुद्दा एवढाच, की पक्षाशी असलेली सवयीची निष्ठा बाहेरून दिसते तेवढी पक्की नसते.

युद्धानंतर हा भाग पूर्व जर्मनीत गेला. तिथे निवडणुका होत, पण एकच मान्य यादी असे आणि निकाल ९९ टक्क्यांच्या वर. अशा आकड्यांना इतिहासाच्या दृष्टीने एकच किंमत असते: त्यांतून मतदाराविषयी काहीही कळत नाही. १८ मार्च १९९० ला पूर्व जर्मनीत पहिली आणि शेवटची मुक्त निवडणूक झाली. ३ ऑक्टोबरला एकीकरण झाले आणि २ डिसेंबरला सबंध जर्मनीची निवडणूक.

त्या शरदात या भागात सीडीयू पक्षाची उमेदवार म्हणून आली छत्तीस वर्षांची एक भौतिकशास्त्रज्ञ. जन्म हाम्बुर्गचा, वाढलेली ब्रांडेनबुर्गमधल्या टेम्पलिन गावात, नोकरी बर्लिनला. र्‍यूगनशी तिचा जन्माचा काही संबंध नव्हता. ज्या छोट्या पक्षातून ती आली त्याला मार्चमध्ये एक टक्कासुद्धा मते नव्हती. गुंटर क्राउझ या वजनदार नेत्याच्या पाठबळाने उमेदवारी मिळाली. र्‍यूगनवरच्या लोब्बे गावात कोळ्यांच्या झोपडीत त्यांच्यासमोर बसलेल्या मर्केल यांचा त्या प्रचारातला एक फोटो पुढे जगभर छापला गेला. चेहरे थकलेले, खिडकीतून उजेड, आणि बोलण्यापेक्षा ऐकत असलेली उमेदवार.

आता आकडे. मर्केल यांना या मतदारसंघात पहिल्या मतांपैकी मिळालेले टक्के असे: १९९० मध्ये ४८.५, १९९४ मध्ये ४८.६, १९९८ मध्ये ३७.३, २००२ मध्ये ४१.६, २००५ मध्ये ४१.३, २००९ मध्ये ४९.३, २०१३ मध्ये ५६.२ आणि २०१७ मध्ये ४४.०. आठ निवडणुका, आठ विजय. मतदारसंघाचे नाव या काळात दोनदा बदलले, सीमा सरकल्या, २००२ मध्ये देशातले मतदारसंघच ३२८ वरून २९९ वर आले. विजयी नाव तेच राहिले. याला बालेकिल्ला म्हणू नये तर कशाला म्हणावे?

म्हणून दुसरे मत पाहायचे. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न या सबंध राज्यात सीडीयूच्या यादीला १९९८ मध्ये सुमारे २९ टक्के मते होती, २००५ मध्ये ३० च्या आसपास, २०१३ मध्ये ४२ ते ४३ आणि २०१७ मध्ये ३३. राज्य आणि मतदारसंघ यांची ही तुलना काटेकोर नाही, पण कल स्वच्छ आहे: मर्केल आपल्या पक्षाच्या राज्यातल्या मतांपेक्षा कधी आठ, कधी अकरा, कधी तेरा टक्क्यांनी पुढे होत्या. १९९८ मध्ये हेल्मुट कोल यांची सत्ता गेली तेव्हा ही जागा पडता पडता वाचली ती याच जादा मतांवर. म्हणजे गडाचा पाया पक्षाचा नव्हता. वरचा मजला चॅन्सेलरपदाचा होता, आणि खालचा एका ओळखीच्या चेहऱ्याचा.

त्या मजल्यांवरून काय दिसत होते? श्ट्रालझुंडमध्ये हजारो माणसांना काम देणारी जहाजगोदी. ती २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली, मालक बदलले, २०२२ च्या जानेवारीत पुन्हा बुडाली. २००७ मध्ये बेटाला जोडणारा भव्य पूल झाला, पर्यटन वाढले, घरभाडी वाढली. कोळ्यांचे म्हणाल तर पश्चिम बाल्टिकमधल्या हेरिंग माशाची पकड युरोपीय संघाने वर्षानुवर्षे कापत नेली आणि २०२२ पासून लहान होड्यांची सवलत सोडता जवळजवळ बंद केली. २०२३ मध्ये बेटावरच्या मुक्रान बंदरात द्रवरूप वायूचे टर्मिनल आणण्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले. चॅन्सेलर आपली असूनही आपले कुणी ऐकत नाही, ही भावना अशा ठिकाणी हळूहळू साचते.

२०२१ मध्ये मर्केल उभ्या राहिल्या नाहीत. सीडीयूचा उमेदवार २०.४ टक्क्यांवर थांबला आणि एसपीडीच्या आना कासाउत्स्की, वय २७, २४.३ टक्के मतांवर निवडून आल्या. आठ वर्षांपूर्वी ५६.२ टक्के देणारा मतदारसंघ आता चारांतल्या एकाहूनही कमी मतदारांच्या पसंतीवर जिंकला गेला. २३ फेब्रुवारी २०२५ ला तो पुन्हा फिरला. या वेळी एएफडी या उजव्या टोकाच्या पक्षाचे डारिओ झाइफर्ट जिंकले. राज्यात त्यांच्या पक्षाच्या यादीला ३५ टक्के मते पडली. लागोपाठ तीन निवडणुकांत तीन वेगळे पक्ष.

याच निवडणुकीपासून जर्मनीत एक नवा नियमही लागू झाला. बुंडेस्टाग ७३६ सभासदांपर्यंत फुगले होते. ते ६३० वर बांधून टाकले. त्याची किंमत अशी, की पक्षाच्या दुसऱ्या मतांच्या वाट्यात जेवढे बसतील तेवढेच मतदारसंघ-विजेते आत जातात. २०२५ मध्ये देशभरात २३ उमेदवार आपला मतदारसंघ जिंकूनही संसदेबाहेर राहिले. घटना न्यायालयाने २०२४ मध्ये या व्यवस्थेवर मान्यतेची मोहोर उठवली होती. आपल्याला हे विचित्र वाटेल. पण २४ टक्क्यांचा विजेता ‘लोकांचा कौल’ म्हणवून घेतो, हे तरी कुठे सरळ आहे? दोन्हीकडे प्रश्न एकच: जिंकणे आणि प्रतिनिधी असणे यांत अंतर किती चालेल?

हा हिशेब मांडल्यावर माझ्या हाती उरते ते असे. ज्याला आपण बालेकिल्ला म्हणतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: नकाशावरची रेघ, पक्षाची सवय आणि माणसाची ओळख. पहिली साम्राज्यकाळात चाळीस वर्षे टिकली, कारण ती कुणी हलवलीच नाही. दुसरी वायमारच्या काळात नऊ वर्षांत विरघळली. तिसरी माणूस बाजूला झाला त्याच निवडणुकीत संपली. आपल्याकडे दुसरे मत नाही, म्हणून हे तीन धागे वेगळे दिसत नाहीत. ते नसतात असे नाही. पुढच्या वेळी एखादा गड राखल्याची बातमी वाचाल तेव्हा मताधिक्य मागाहून पाहा. आधी पाहा की झालेल्या मतांपैकी किती टक्के मते विजेत्याला मिळाली, आणि तो नसता तर त्यांतली किती चिन्हापाशी राहिली असती.