रोखे जाळणे हा नेमका कोणता गुन्हा? सुपे, १८७५

१/ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी भोवतालच्या खेड्यांतील रयत जमली आणि सावकारांकडे वह्या व कर्जरोखे मागू लागली. एक घर जळाले, सुमारे डझनभर घरे फोडली गेली, रस्त्यात कागदांच्या राखेचे ढीग पडले. पोलिसांनी ५० जणांना पकडले. हेच ‘दख्खनचे दंगे’.

२/ सुपे आज दौंडला लागून असलेल्या बारामती तालुक्यात आहे. तेव्हा दौंड आणि सुपे दोन्ही भीमथडी तालुक्यात होती. वादाची ठिणगी मात्र शिरूर तालुक्यातील करडे गावी पडली होती. डिसेंबर १८७४ मध्ये तेथील एका सावकाराने देशमुखाविरुद्ध सुमारे १५० रुपयांचा हुकूमनामा मिळवून त्याचे घर पाडायला घेतले. गावाने सावकारावर बहिष्कार घातला.

३/ बहिष्कार आणि दंगा यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. सावकाराच्या शेतात न राबणे किंवा त्याच्या दुकानातून खरेदी न करणे यात बळाचा वापर नव्हता. सुप्यात तो झाला.

४/ भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू होती. कलम १४१ नुसार बेकायदा जमावासाठी किमान पाच माणसे आणि एक समान बेकायदा उद्दिष्ट लागत असे. कलम १४६ नुसार त्या उद्दिष्टासाठी जमावातील एकानेही बळ वापरले, तर दंग्याचा दोष प्रत्येकावर येत असे.

५/ मग रोखे जाळण्याचे काय? कलम ४७७ नुसार असा दस्तऐवज कपटाने वा अप्रामाणिकपणे नष्ट करण्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. ‘अप्रामाणिक’ या शब्दाचा कायदेशीर अर्थ व्यापक आहे. स्वतःचा गैरलाभ नसला, तरी दुसऱ्याची गैरहानी करण्याचा हेतू त्यात पुरतो. ‘आम्ही दमडीही घेतली नाही’ हे उत्तर म्हणून अपुरे ठरते. जिथे धान्य वा कापड बळाने नेले, तिथे प्रश्न दरोड्यापर्यंत जातो.

६/ सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाला एक गोष्ट ठळकपणे दिसली. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तिथे बहुधा पुढे काही घडले नाही. लक्ष्य माणूस नव्हते, रोखा होता. पण फौजदारी कायदा हेतू आणि त्यामागचे कारण वेगळे मानतो. कागद नष्ट करण्याचा हेतू स्पष्ट होता. कर्जाचा जाच हे कारण होते. कारणामुळे शिक्षा सौम्य होऊ शकते, गुन्हा नाहीसा होत नाही.

७/ बचाव कोणता उरतो? रोखे परत करण्याचा हुकूम विलायतेतून आला आहे, अशी आवई त्या काळी पसरली होती. कलम ७९ वस्तुस्थितीविषयीच्या प्रामाणिक गैरसमजाला संरक्षण देत असे, कायद्याविषयीच्या गैरसमजाला देत नसे. शिवाय असा समज सद्भावाने, म्हणजे योग्य ती काळजी घेऊन झालेला असावा लागे. केवळ आवईवर विसंबून घर फोडणाऱ्याला या कसोटीवर टिकणे कठीण होते.

८/ कुळांचे गाऱ्हाणे खरेच होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्यावरील दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. ऋणकोच्या संरक्षणासाठी केलेल्या या तरतुदीचा परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी नवा रोखा होई आणि थकलेले व्याज मुद्दलात मिसळे. न्यायालय सहीचा कागद पाही, त्यामागचा व्यवहार पाहत नसे.

९/ १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने हेच बदलले. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला होणारी अटक व कैद थांबली.

१०/ फौजदारी न्यायालयात जे कारण बचाव ठरू शकत नव्हते, तेच चार वर्षांनी दिवाणी कायद्याचा आधार झाले. मात्र दंग्याच्या शिक्षा या कायद्याने पुसल्या नाहीत. रोखा तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला, तोवर तो जाळणाऱ्यांचे खटले कधीच निकाली निघाले होते.