पारितोषिकाचा न्याय

कुस्तीच्या आखाड्यात पाठ मातीला लागली की वाद संपतो. हरलेल्या मल्लाचा कैवारी कितीही रागावला, तरी डोळ्यांनी पाहिलेले त्याला नाकारता येत नाही. कलेच्या आखाड्यात मात्र माती नसते. तेथे परीक्षक हाच पंच आणि त्याची अभिरुची हीच माती. म्हणून चित्रपटांची पारितोषिके जाहीर झाली की मुंबई-पुण्यापासून आमच्या परभणी जिल्ह्यातील पालमपर्यंत तरुण मंडळींत वादाला तोंड फुटते. अमक्यावर अन्याय झाला, तमक्याला वशिल्याने मिळाले, असे बोलले जाते. वडीलधारी माणसे याला रिकामटेकडेपणा समजतात. प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. या वादाला इतिहास आहे, आणि तो नीट पाहिला असता अन्याय एका जातीचा नसतो असे दिसून येते.

अमेरिकेतील अकादमीचा पहिला समारंभ १६ मे १९२९ रोजी झाला. विजेत्यांची नावे तीन महिने आधीच जाहीर झाली होती आणि पारितोषिकांचे वाटप पाऊण घटकेच्या आत उरकले. आपल्याकडे स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ मध्ये अहवाल दिला, आणि तिच्या शिफारशींतून सरकारी पारितोषिकांचा उपक्रम निघाला. योगायोग असा की १९५४ या एकाच वर्षी देशात दोन पंच उभे राहिले. २१ मार्च रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात 'फिल्मफेअर' मासिकाने वाचकांच्या कौलावर आधारलेली पारितोषिके वाटली, आणि १० ऑक्टोबर रोजी सरकारी पारितोषिके प्रथमच दिली गेली. पहिल्या पंचाने बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन' या चित्रपटाला श्रेष्ठ ठरविले. दुसऱ्याने राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला दिले आणि 'दो बिघा जमीन'ला गुणवत्तेच्या प्रमाणपत्रावर थांबविले.

यांत अन्याय कोणाचा? एका पंचापुढे केवळ हिंदी चित्रपट होते, दुसऱ्यापुढे साऱ्या भाषांचे. एकाने वाचकांचा कौल घेतला, दुसऱ्याने समितीचा. प्रश्न निराळे म्हणून उत्तरे निराळी. ज्याला निर्णयावर टीका करावयाची आहे, त्याने प्रथम प्रश्न काय विचारला होता हे पाहिले पाहिजे.

पण कधी कधी प्रश्नच विचारला जात नाही, आणि तो अन्यायाचा दुसरा प्रकार होय. 'चोरी चोरी' चित्रपटाच्या संगीताबद्दल शंकर-जयकिशन यांना १९५७ मध्ये 'फिल्मफेअर'चे पारितोषिक मिळाले. समारंभात त्या चित्रपटातील गीत लता मंगेशकर यांनी गावे अशी विनंती करण्यात आली. लताबाईंनी ती नाकारली. संगीतकाराला पारितोषिक आहे, मग गाणाऱ्या कंठाला का नाही, हा त्यांचा साधा सवाल होता. १९५९ मध्ये पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू झाले आणि 'मधुमती'तील गीतासाठी ते प्रथम लताबाईंनाच मिळाले. पुढे नव्या गळ्यांना वाव मिळावा म्हणून त्यांनी आपले नाव या स्पर्धेतून काढून घेतले. हक्क मागताना त्यांनी जी ठाम भूमिका घेतली, तीच तो सोडतानाही कायम ठेवली, हे विशेष.

तिसरा प्रकार निवडीतील पक्षपाताचा. 'पाकीजा'चे संगीतकार गुलाम मोहम्मद यांना डावलले गेले, असे वाटून अभिनेते प्राण यांनी १९७३ मध्ये 'बेइमान'साठी स्वतःला मिळालेले पारितोषिक नाकारले. दुसऱ्यासाठी स्वतःच्या हातचे सोडणारा असा निषेध दुर्मिळच! याच्या उलट, ऋषी कपूर यांनी २०१७ मधील आत्मचरित्रात तरुणपणी तीस हजार रुपये देऊन पारितोषिक मिळविल्याची कबुली दिली आहे. तेव्हा तरुण मंडळींचा संशय अगदीच निराधार नसतो.

चौथा प्रकार सर्वांत सूक्ष्म, कारण त्यात कोणी दोषी सापडत नाही. 'श्यामची आई'नंतर मराठीला पुन्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान मिळाला तो अर्धशतकाने, संदीप सावंत यांच्या 'श्वास'ला, २००४ मध्ये. डोळ्याच्या कर्करोगाने ग्रासलेला नातू आणि त्याचा आजोबा यांची ही कथा. भारतातर्फे हा चित्रपट ऑस्करला गेला. पण तेथे केवळ चित्रपट पाठवून भागत नाही, तो मतदारांना दाखवावा लागतो, जाहिरात करावी लागते, आणि त्याला पैसा लागतो. निर्मात्यांपाशी तो नव्हता. तेव्हा लोकवर्गणी उभी राहिली आणि शाळकरी मुलांनीही तीत भर घातली. अंतिम पाचांत 'श्वास' आला नाही. कोणी लाच दिली नव्हती, कोणी फसविले नव्हते. तरी शर्यतीत एक घोड्यावर आणि एक पायी असेल, तर तिला समान शर्यत कसे म्हणावे?

देशांतर्गत निवडही निर्वेध नाही. एका देशाने एकच चित्रपट पाठवावयाचा, असा नियम आहे. २०१३ मध्ये मुंबईच्या डबेवाल्यांशी निगडित 'लंचबॉक्स'ऐवजी गुजराती 'द गुड रोड' निवडला गेला, तेव्हा मोठा वाद झाला. २०१५ मध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' निवडणाऱ्या समितीतील एका सदस्याने अध्यक्षांच्या वागण्यावर आक्षेप घेऊन राजीनामा दिला. २०१८ मध्ये तर निवडीवरून नव्हे, प्रदानावरून भांडण झाले. राष्ट्रपती स्वतः अकराच पारितोषिके देणार असे समजताच पन्नासांहून अधिक विजेते समारंभास गैरहजर राहिले. मान कोणी दिला, हाही मानाचाच भाग असतो.

मग या सर्वांचे तात्पर्य काय? पारितोषिके बंद करावीत, असे मुळीच नाही. पालमसारख्या तालुक्याच्या गावी लहान मराठी चित्रपट आपोआप पोहोचेल याची खात्री नसते. 'देऊळ', 'कोर्ट' किंवा 'कासव' यांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान मिळाला नसता, तर आमच्याकडील कित्येकांच्या कानी त्यांचे नावही गेले नसते. ज्याच्यापाशी जाहिरातीचा पैसा नाही, त्याच्यासाठी पारितोषिक ही दवंडी आहे. म्हणूनच ती खरी असावयास हवी. अन्यायाची झळ मोठ्या निर्मात्याला फारशी लागत नाही. ती लागते अशा लहान चित्रपटाला, आणि त्याला मुकलेल्या दूरच्या प्रेक्षकाला.

न्यायाधीश निकालासोबत कारणे लिहितो. हरलेल्या पक्षकाराला निकाल पटला नाही तरी कारणे तपासता येतात आणि वर दाद मागता येते. परीक्षकांनीही एवढे करावे. कोणते चित्रपट विचारात घेतले, कोणत्या कसोटीवर घासले, मतभेद कोठे झाला, हे मोकळेपणाने सांगावे. अभिरुचीचा न्याय कधीच निर्विवाद होणार नाही. परंतु कारण देणारा पंच चुकला तरी त्याची चूक दाखविता येते. मौन धरणारा पंच बरोबर असला तरी संशय उरतोच. आणि तरुणांनीही अन्याय झाला म्हणताना तो चारांपैकी कोणता, हे सांगण्याचा शिरस्ता पाळावा. मग त्यांच्या वादाला रिकामटेकडेपणा म्हणण्याचे धाडस वडीलधाऱ्यांना होणार नाही.