महामंदी व जर्मन मतदार (१९२८–३२)

आर्थिक मंदीच्या काळात वायमार प्रजासत्ताकातील मतदारांच्या पक्षनिष्ठेत घडलेले स्थित्यंतर. १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा रोखेबाजार कोसळल्यावर अमेरिकन धनकोंनी जर्मनीला दिलेली अल्पमुदतीची कर्जे परत मागविली, कारखाने बंद पडले आणि १९३२ च्या आरंभी नोंदलेल्या बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली. अशा वेळी चॅन्सेलर हाइन्रिख ब्र्यूनिंग यांनी वेतनकपात व करवाढ वटहुकुमांनी अमलात आणल्याने प्रस्थापित पक्षांवरील विश्वास ढासळला (पहा : महामंदी). नाझी पक्षाची मते मे १९२८ मधील २.६ टक्क्यांवरून सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ व जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्क्यांवर पोहोचली.

मंदीची झळ सर्वांस लागली, तरी तिचा कौल एकच नव्हता, हे या स्थित्यंतराचे मर्म होय. बेकार औद्योगिक कामगार नाझींपेक्षा साम्यवादी पक्षाकडे अधिक वळले, कॅथलिक मतदार बहुतांशी सेंटर पक्षास धरून राहिले, आणि ज्यांची उपजीविका टिकून होती परंतु ती गमावण्याचे भय होते, असे प्रॉटेस्टंट शेतकरी, दुकानदार व कारागीर मोठ्या प्रमाणावर नाझींकडे गेले. श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतात करांच्या थकबाकीपायी होणाऱ्या बैलांच्या जप्तीवरून शेतकरी १९२८ मध्येच प्रक्षुब्ध झाले होते. तेथे जुलै १९३२ मध्ये नाझी पक्षास ५१ टक्के मते पडली. म्हणून केवळ बेकारीच्या आकड्यांवरून मतदानाचा उलगडा होत नाही (पहा : मतदानवर्तन). नोव्हेंबर १९३२ मध्ये नाझी पक्षाची देशभरातील मते ३३.१ टक्क्यांवर उतरली. तरीही ३० जानेवारी १९३३ रोजी अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरची चॅन्सेलरपदी नेमणूक केली.