अमाप पावसाचे माप

कोठाराच्या अंगणात हातभर तोंडाचे भांडे ठेवून पाऊस मोजावा, असे कौटिल्याचे अर्थशास्त्र सांगते आणि देशोदेशींचे आकडेही देते: जांगल प्रदेशात सोळा द्रोण, अवंतीत तेवीस. अपरान्ताशी, म्हणजे आपल्या कोकणाशी, येताच मात्र ग्रंथकार हात टेकतो. तिथला पाऊस अमाप. जलविज्ञानाच्या प्राध्यापकाची वंशावळ मांडायची तर ती इथूनच मांडावी. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत दकार्गल हे प्रकरण घातले. वारूळ, झाड आणि मातीचा रंग पाहून जमिनीखालच्या शिरा ओळखायची ती विद्या. आपल्या पाणाड्यांचे कूळ तिथवर नेता येते.

शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा मराठी ताम्रपट कोकणातल्या ज्या दिवेआगरला सापडला, तिथे आता आपण थांबू. पुळणीमागे नारळी-पोफळीच्या वाड्या, हाकेच्या अंतरावर समुद्र, तरी विहिरींना गोडे पाणी. या किनाऱ्यावरच्या वाड्यांचे शिंपणे पूर्वी रहाटावर चाले. बैल संथपणे फिरे, माळेवरची गाडगी एकामागून एक पन्हळीत रिती होत, तिथून पाणी पाटाने आळ्यांत जाई. हा संथपणा गैरसोयीचा वाटला, तरी विहिरीला तोच मानवत होता. का, हे सांगायला डच अभियंता बादोन घायबेन १८८८ च्या सुमारास आणि जर्मन अभियंता हर्झबर्ग १९०१ मध्ये पुढे आले. वाळूत गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगते. समुद्रसपाटीवर ते फूटभर असेल तर खाली सुमारे चाळीस फूट असते. साहजिकच वरची पातळी फूटभर कायमची उतरली, की खारट सीमा कालांतराने चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकते.

ही विद्या वर्गात यायला मात्र वेळ लागला. पुण्यात १८५४ मध्ये अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. पुढे त्याच परंपरेतून १८८३ मध्ये विश्वेश्वरय्या बाहेर पडले आणि खडकवासल्याला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. दारसी या अभियंत्याने वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम फ्रान्समध्ये १८५६ मध्येच मांडला होता, पण सरकारला हवे होते धरणे-कालवे बांधणारे, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या पाण्याला खाते नव्हते. युनेस्कोच्या १९६५ ते १९७४ या जलविज्ञान दशकाने चित्र पालटले. रुडकीला १९७२ मध्ये जलविज्ञानाचे स्वतंत्र शिक्षण सुरू झाले. त्याच दुष्काळी वर्षी महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. बांधकामाच्या शाखेत पाहुण्यासारखा वावरणारा हा विषय आता पदव्या देऊ लागला, आणि त्याचा प्राध्यापकही ताठ मानेने भूशास्त्राच्या दारात उभा राहिला.

दिवेआगरसारख्या गावात आज त्याला मे महिन्यातली विहीर पाहावी लागते: पाण्याची पातळी, क्षारता, पंप किती तास चालतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने इथल्या वाड्या आडव्या केल्या. नव्याने लावलेल्या पोफळीला फळ धरायला काही वर्षे जातात, तोवर प्रत्येक उन्हाळ्यात शिंपणे चुकत नाही. पर्यटकांसाठी उभ्या राहिलेल्या खोल्यांच्या टाक्याही याच वाळूतून भरायच्या असतील, तर पंपाचे तास वाडीगणिक ठरवावे लागतील, आणि तो हिशेब अजून बहुतेक ठिकाणी विजेच्या बिलावरच होतो.