पडद्यावरचे कोटणीस

व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ १९४६ साली पडद्यावर आला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर तो बेतला होता. संगीत वसंत देसाईंचे आणि कोटणीसांच्या भूमिकेत स्वतः शांतारामबापू. बापू तेव्हा चव्वेचाळिशीत होते. चीनला निघालेले खरे द्वारकानाथ कोटणीस अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. हा फरक नुसता वयाचा नाही. पडद्यावरचे डॉक्टर पहिल्यापासूनच पोक्त, ठाम वाटतात. सोलापूरच्या गिरणीतल्या कारकुनाचा खरा मुलगा मात्र चीनमध्ये जाऊन मोठा झाला.

जपानने १९३७ मध्ये चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले आणि काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी देशाला हाक दिली. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी आणि आपले कोटणीस असे पाच जण १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोटीने निघाले. आमची हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात. त्याच सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. सोलापूरची हद्द ओलांडली की काँग्रेसचे नाव घेणेही गुन्हा, असा तो काळ!

येनानला पोहोचण्याआधीच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. घरी परतायला याहून मोठे कारण कोणते? पण ते थांबले. माझ्या मते पोरपण संपले ते इथे. सोबतचे एकेक करून मायदेशी परतत होते. हे चिनी भाषा शिकून आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३९ मध्ये, बोटाला झालेल्या जखमेतून रक्त दूषित होऊन गेले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची सूत्रे जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली, तेव्हा ते तीस वर्षांचे होते.

चित्रपटात ते प्लेगशी झुंजताना दिसतात. प्रत्यक्षात ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांना नेले ते अपस्माराने, आपल्या भाषेत फेफऱ्याने. प्लेग पडद्यावर शोभतो, फेफरे शोभत नाही. मी हिंगोली जिल्ह्यात मास्तरकी केली. माझ्या वर्गातल्या एका मुलाला फेफरे यायचे. झटका आला की कोणी कांदा, कोणी चप्पल नाकाशी धरायचे आणि ‘बाहेर बोलू नका, लग्न जमणार नाही’ असे घरचे बजावायचे. त्याला मी शांतारामबापूंचे नव्हे, खरे कोटणीस सांगितले. झटके येत असतानाही ते शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तक लिहीत होते. हे कळले की तो मुलगा बाकावर जरा ताठ बसायचा. एवढ्यासाठी तरी बापूंनी तो शेवट बदलायला नको होता, असे मला वाटते.

एक गोष्ट मात्र बापूंनी जमवली. मरणशय्येवरचे कोटणीस पत्नीला आपल्या घरची वाट कल्पनेने दाखवतात, तो प्रसंग. पत्नी क्वो छिंगलान त्याच रुग्णालयातल्या. मुलाचे नाव इनहुआ : ‘इन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. वडील गेले तेव्हा तो साडेतीन महिन्यांचा होता. वैद्यकीचे शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये तोही गेला. क्वो छिंगलान पुढे अनेकदा भारतात आल्या, कोटणीसांच्या माणसांना भेटल्या. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)