लिफ्टमधला कैदी

रहाटाला पोहरा टांगावा तशी लिफ्ट दोरावर लोंबते. दोर तुटला तर? १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिसने वर उभे राहून दोर तोडवला. लिफ्ट किंचित घसरून थांबली, लोकांचे भय मोडले.

१९५८ च्या ‘फासाकडे नेणारी लिफ्ट’ अशा नावाच्या फ्रेंच चित्रपटात लुई मालने निराळेच भय दाखवले. मालकाचा खून केलेला ज्युलियन, खिडकीबाहेर राहिलेला दोर काढायला परततो. तेवढ्यात पहारेकरी वीज बंद करतो. लिफ्ट अधांतरी! रात्रभर हा आत. बाहेर त्याची मोटार पळवून दुसराच पोरगा दोन खून पाडतो. आळ ज्युलियनवर. मला तर खरी भीती इथेच वाटली. ‘मी लिफ्टमध्ये अडकलो होतो’ हे त्याने सांगावे तरी कसे? सांगितले, की पहिला खून उघडा पडतो.